दुर्बिणीमागचे परुळेकरकाका

परुळेकरकाकांना चढ पायांनी कळायचा. आपण सगळे लालबागला सपाट समजतो. गर्दीतून वाट काढताना चढ कसला नि उतार कसला! पण काका माझ्या दुकानापासून परळच्या बाजूला चहा प्यायला निघाले की वाटेत तीनदा थांबत. "हय चढ लागलो," म्हणत. थोडं पुढे गेलं की, "आता उतरतंव." मला काही म्हणजे काही दिसत नसे. मी तोंड वाकडं केलं की ते हातातल्या बाटलीतलं घोटभर पाणी रस्त्यावर ओतायचे, आणि पाणी मुकाट्याने ते म्हणतील तिकडे निघायचं. येणारे-जाणारे बघत राहायचे, हा म्हातारा भर रस्त्यात पाणी का सांडतोय म्हणून.

मी शुभा. आमच्या चाळीच्या तळमजल्यावर माझं मसाल्याचं दुकान होतं, आणि मी बोलायलाही तिखट आहे असं चाळीत म्हणतात. काका दुसऱ्या मजल्यावर एकटे राहत. काकू गेलेल्या, मुलगी बडोद्याला. वडील गिरणीत होते, पण काका मात्र अठराव्या वर्षी देशाचे नकाशे काढणाऱ्या सरकारी खात्यात खलाशी म्हणून लागले. उंची मोजताना आकडे रंगवलेली एक लांब पट्टी उभी धरावी लागते, तिला म्हणायचं स्टाफ, आणि ती धरणाऱ्याला त्या खात्यात म्हणायचं खलाशी. समुद्र शेकडो मैल लांब असला तरी खलाशीच! हे सांगताना काका दर वेळी पहिल्यांदा सांगितल्यासारखे हसायचे. पुढे परीक्षा देऊन ते सर्व्हेअर झाले आणि पट्टीच्या बाजूने दुर्बिणीच्या बाजूला आले.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते दुकानातल्या स्टुलावर येऊन बसत. मी मिरच्यांचे देठ खुडायची आणि काका देश मोजायचे. काय एकेक गोष्टी! डोंगराच्या माथ्यावर खांब बांधायचा, तिथून दुसरे दोन माथे बघायचे, असे त्रिकोणाला त्रिकोण जोडत देश ओलांडायचा. हिवाळाभर तंबूत राहायचं आणि पावसाळ्यात कचेरीत बसून मोजलेलं कागदावर काढायचं. गावाचं, ओढ्याचं, टेकडीचं नाव लिहायचं तर एकाला विचारून चालत नाही, वेगवेगळ्या माणसांना विचारून खात्री करायची. एका ओढ्यासाठी काकांनी अख्खा दिवस घालवला होता, कारण गुराखी एक नाव सांगत होता आणि पाटील दुसरं. "मगे तुम्ही कोणाचा लिवलात?" मीही त्यांच्याच बोलीत विचारलं. "पाणी भरणाऱ्या बायांचा," ते म्हणाले. "ओढ्यार रोज त्याच जातत."

काका जुन्या काळात अडकलेले नव्हते, हे मला मुद्दाम सांगायचंय. म्हातारी माणसं फोन बघून नाक मुरडतात. काकांनी माझ्या फोनवरचा नकाशा पहिल्यांदा दोन बोटांनी मोठा केला तेव्हा स्टुलावरून उभेच राहिले. आता खातं ड्रोन उडवून गावठाणं मोजतं, उपग्रहावरून जागा बोटभर फरकाने कळते, हे ते घरातल्या पोराचा पहिला नंबर आल्यासारखं सांगायचे. "पण एक गंमत ऐक," म्हणायचे. "उपग्रह सांगता ती उंची वेगळी आणि पाणी मानता ती वेगळी. ह्या दोघांची सोयरीक जुळवूचां काम चालू असा." आणि मग जणू स्वतःच्या मुलीचंच लग्न असल्यासारखे टाळी द्यायला हात पुढे करायचे.

चाळ पाडून टॉवर बांधायचं ठरलं आणि काकांच्या पायांना काम लागलं. पावसाळ्यात माझ्या दुकानात गुडघाभर पाणी यायचं. मिरचीची पोती फळीवर, हळदीचे डबे त्याच्यावर, आणि तरी दर वर्षी काही ना काही फेकावं लागायचं. नव्या इमारतीत मला तळमजल्यावरच गाळा मिळणार होता. तिचं जोतं किती उंच घ्यायचं ते बिल्डरच्या कागदात दाखवलेल्या जमिनीच्या उंचीवरून ठरणार होतं, आणि कागद सांगत होता की आमची जमीन मोठ्या रस्त्याच्या बरोबरीने आहे. तसंच बांधलं असतं तर नवीन गाळ्यातही माझी पोती फळीवरच गेली असती. काका कागद घेऊन चाळीच्या चौकात उभे राहिले, चार पावलं पुढे गेले, चार मागे आले. "खोटां," म्हणाले. "आपण खाली आसंव."

"काका, पायाने सांगितलेलं बिल्डर मानणार आहे का?" आमचा सेक्रेटरी दीनू सावंत म्हणाला.

"नाय मानूचो. म्हणान मोजूया."

परळला एका जुन्या दगडी इमारतीच्या पायरीवर खात्याने कोरलेली खूण होती. बेंचमार्क म्हणतात त्याला. समुद्राच्या भरती-ओहोटीची वर्षानुवर्षं सरासरी काढून जी पातळी ठरवली, तिथून ती पायरी किती उंच हे खात्याच्या दप्तरात नोंदलेलं असतं. तिथपासून टप्प्याटप्प्याने मोजत आलं की आमच्या चौकाची उंची मिळणार. काकांनी एका जुन्या सहकाऱ्याच्या मुलाकडून दुर्बीण मागून आणली, आणि रविवारी सकाळी सहाला आमची वरात निघाली!

वरातच ती. मंडळाचे कार्यकर्ते गर्दी आवरायला वापरतात तो दोर घेऊन आले आणि दुर्बिणीभोवती धरून उभे राहिले, जणू आत देवच बसवलाय. कोणी छत्री धरली, कोणी चहाचा थर्मास. स्टाफ धरायला काकांनी मला निवडलं. रीत साधी होती. मी एका जागी पट्टी उभी धरायची, काका मागून वाचणार. मग काका दुर्बीण उचलून माझ्या पुढे जाणार आणि त्याच जागची पट्टी पुन्हा वाचणार. तेवढ्या वेळात पट्टी जागची हलता कामा नये. "जग हललां तरी तू हलू नको," काका म्हणाले. आकडे ते शाईनेच लिहीत. चुकलं तर खोडरबर नाही. एक बारीक आडवी रेघ, खालचा आकडा वाचता येईल अशी, आणि बाजूला सही. "चूक झाली तर झाली, पण ती दिसाक व्हयी," असं त्यांचं.

आठव्या का नवव्या जागी मी रस्त्यावर फुटपाथच्या कडेला खडूची खूण करून पट्टी धरली होती. काकांनी वाचलं आणि ते पुढे निघाले. तेवढ्यात नारळांचा एक टेम्पो रिव्हर्स घेत अंगावर आला. मी पट्टीसकट टुणकन फुटपाथवर चढले आणि तिथेच, कडेच्या दगडावर, ती टेकवून उभी राहिले. काकांनी हात केला, वाचलं, लिहिलं. पुढच्या जागी पोचेपर्यंत माझ्या लक्षात आलं. वाटलं, वीतभराने काय बिघडतंय, आणि सगळी वरात थांबवून सांगायची मला लाज वाटली.

चौकात पोचल्यावर काकांनी बेरजा-वजाबाक्या केल्या. कागदात दाखवलंय त्यापेक्षा आमची जमीन बासष्ट सेंटिमीटर खाली! चाळीने टाळ्या वाजवल्या, दीनूने मला उचलायचंच बाकी ठेवलं. तोवर मला हिशेब कळला होता: पट्टी मी वर चढवली म्हणून आमची जमीन आणखी खाली दिसत होती. चूक माझ्याच फायद्याची होती. मी पण टाळ्या वाजवल्या.

पण काका दुर्बीण पेटीत ठेवेनात. "गेल्याली लेव्हल परत येवक व्हयी," म्हणाले. त्याच वाटेने उलट मोजत बेंचमार्कपर्यंत जायचं, आणि दोन्ही उत्तरं जुळली तरच खरं मानायचं, हा खात्याचा नियम. एवढ्या अंतराला बोटाच्या रुंदीइतका फरक चालतो. ऊन चढलं होतं, पाहणारे पांगले होते. मी, काका आणि दोरवाले दोघे परत गेलो. या वेळी मी खांबासारखी उभी राहिले. उत्तर आलं एकेचाळीस.

दीनू वैतागला. बुधवारी बिल्डरच्या लोकांबरोबर बैठक होती. "काका, बासष्ट म्हणजे दोन फूट. दोन फूट म्हटलं की समोरचा ऐकतो. एकेचाळीस सांगाल तर घासाघीस करून वीसवर आणतील. परतीचं पान बाजूला ठेवा ना!"

"दीनू, दोनातलो एक खोटो असा. खंयचो ता माका ठावक नाय. मंगळवारी सकाळी परत मोजतलंय."

अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, गुडघे सुजलेले, आणि माझ्या एका उडीपायी तिसऱ्यांदा रस्त्यावर उतरणार होता. सोमवारी संध्याकाळी दुकान बंद करून मी वर गेले. काका पाय गरम पाण्यात सोडून बसले होते. मी सगळं सांगून टाकलं, टेम्पो, फुटपाथ, टाळ्यासुद्धा. म्हटलं, "काका, वीत-दीडवीत वजा करा आणि झोपा."

काका रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी पाय पाण्यातून काढून पंच्याने पुसले. मग म्हणाले, "तू सांगितलंस म्हणान वजा करूचां? मगे तो तुझो आकडो झालो. जमिनीचो नाय."

आणि मग त्यांनी मला अशी गोष्ट सांगितली जी स्टुलावर बसून कधी सांगितली नव्हती. नवे सर्व्हेअर असताना एका कोरड्या मुलखात ते लेव्हल घेत होते. भावाचं लग्न होतं, दुसऱ्या दिवशीची गाडी होती, आणि परतीचं उत्तर काही केल्या जुळेना. त्यांनी एका पानावरचा एक आकडा बदलला आणि जुळवलं. पुढे त्या उंचीवरून कालव्याचा एक फाटा खणला गेला. काही वर्षांनी ते त्या बाजूला गेले तेव्हा मुद्दाम बघायला गेले. "शेवटच्या गावापर्यंत पाणी गेलाच नाय, शुभा. फाटो कोरडो. पोरां त्याच्यात क्रिकेट खेळत होती." कचेरीत जाऊन त्यांनी कबुली दिली, बढती लांबली, फाटा पुन्हा खणायला फार वर्षं लागली. हे सांगताना त्यांचा आवाज अगदी साधा होता, आणि मला रडू कोसळलं.

मंगळवारी उजाडताच आम्ही पुन्हा मोजलं. दोरवाले नव्हते, थर्मास नव्हता, दीनू मात्र छत्री घेऊन आला, घुश्शातच. काका दर टप्प्याला माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठत. चौकात बेरीज झाली आणि काकांनी वही माझ्यापुढे धरली. एकेचाळीस, आणि वर तीन मिलिमीटर! "इलो गो, इलो!" ते असे ओरडले की तिसऱ्या मजल्यावरची माणसं गॅलरीत आली. दीनूसुद्धा हसला. खोटे एकवीस सेंटिमीटर गेले होते आणि आम्ही लॉटरी लागल्यासारखे नाचत होतो!

बैठकीत बिल्डरकडून निकिता नावाची एक तरुण इंजिनिअर आली होती. चेहऱ्यावर "हे चाळवाले आता काय काढतायत" असा भाव. काकांनी वही तिच्यापुढे ठेवली, तिन्ही मोजण्यांसकट. ती पानं उलटत रविवारच्या पानावर थांबली. तिथे आडवी रेघ होती आणि बाजूला लिहिलं होतं, 'स्टाफ हलला'.

"ही चूक कोणाची?" तिने विचारलं.

"माझी," काका पटकन म्हणाले. "दुर्बिणीमागे मी होतो. पट्टी जाग्यावर आहे की नाही, बघायचं काम माझं."

सगळी चाळ बसली होती. रविवारी माझ्यासाठी टाळ्या वाजवणारे सगळे. मी उभी राहिले. "नाही मॅडम. पट्टी मी हलवली, आणि हलवलेली कळूनही गप्प बसले." कोणीतरी मागे 'अगंबाई' केलं. दीनूने कपाळाला हात लावला.

निकिताने वही मिटली नाही. म्हणाली, "मी आजवर लोकांनी आणलेले खूप आकडे बघितले. चुकलेलं पान कोणी आणत नाही." आठवड्याभरात ती स्वतःची माणसं आणि यंत्र घेऊन आली, आणि तिचंही उत्तर एकेचाळीसवरच आलं. घासाघीस झालीच नाही. जोतं तेवढं वर घ्यायचं, हे करारात लिहिलं गेलं.

चाळ रिकामी झाली आणि आम्ही पांगलो. काकांना शीवला तात्पुरती खोली मिळाली. मी गेले की खिडकीतून किल्ल्याची टेकडी दाखवत, खूश होऊन: "ही मात्र सगळ्यांका दिसता." तिथेच मागच्या हिवाळ्यात ते झोपेत गेले. बडोद्याहून मुलगी येईपर्यंत आम्ही चाळकरी बसून होतो, आणि मला सारखं वाटत होतं की आता उठून कोणीतरी पाणी ओतून दाखवावं.

जोत्याचं काम निघालं तेव्हा निकिताचा फोन आला. "ताई, उद्या सकाळी याल का? जोत्याची उंची जागेवर मोजून घ्यायचीय. स्टाफ तुम्ही धरायचाय."

"मी कशाला? तुमची माणसं आहेत की."

"परुळेकर सरांनी जायच्या आधी फोन करून सांगून ठेवलंय. म्हणाले, पट्टी शुभाकडेच द्यायची. चुकली तर ती आपणहून सांगते, अशी माणसं मला खात्यात दोन-तीनच मिळाली."

मी गेले. सिमेंटचा मिक्सर घरघरत होता, कामगार घाईत होते, आमची चाळ होती तिथे नुसतं आभाळ होतं. निकिताने पलीकडून हात वर केला. मला तिचा हात धड दिसत नव्हता इतकी मी रडत होते, पण पट्टी मी सरळ धरली होती.