उसवणाऱ्या मावशी आणि चौकडीचा फ्रॉक

कोपरच्या आमच्या गल्लीत त्यांना सगळे ‘उसवणाऱ्या मावशी’ म्हणत. शिवायच्या त्या फ्रॉक, परकर, ब्लाउज. पण कधीही जा, हातात बारीक कातर आणि मांडीवर स्वतःचीच शिवण उसवायला घेतलेली. जगात कुणावर भरवसा ठेवायचा नाही आणि स्वतःवर तर मुळीच नाही, असा त्यांचा बाणा होता.

कापड दिलं की चौकशी सुरू. “आकसत नाही असं कोण म्हणालं? दुकानदार? मग आकसणार.” ते आधी बादलीत बुडायचं. आईने सांगितलेलं मुलीचं माप त्यांना खोटं वाटायचं. टेपसुद्धा दर दिवाळीला नवी आणायच्या, कारण जुनी ताणून ताणून लबाड होते. मुलीला उभी करून माप झालं की खाली बसवायच्या, मग वाकून चप्पल उचलायला लावायच्या. “उभ्या पोरीला कुठलाही फ्रॉक बसतो,” त्या म्हणायच्या. “पोरी उभ्या राहतात कुठे?”

मीही काही कमी नव्हते. शिवायला दिलेल्या कापडातलं थोडं तरी मारलं जातंच, असं माझं ठाम मत. त्यामुळे माझी लेक मुक्ता अकरा वर्षांची असताना तिच्यासाठी ठाण्याहून आणलेलं निळ्या चौकडीचं सुती कापड मी मावशींसमोर मोजून दिलं. त्यांनीही माझ्यासमोर ते पुन्हा मोजलं. फ्रॉक हवा होता अगदी साधा. बिनबाह्यांचा, सरळ, ना चुण्या ना झालर. दोन दिवसांचं काम.

दोन आठवडे झाले तरी फ्रॉक मिळेना. मुक्ताने घातला की खालची कड एका बाजूला दोन बोटं वर जायची आणि चौकडीच्या रेघा तिरक्या दिसायच्या. मावशींनी आधी कापडावर संशय घेतला, मग मशीनवर, मग आपल्या डोळ्यांवर. मला तर संशय नव्हताच, कापताना हात चुकलाय याची खात्री होती. तिसऱ्यांदा उसवून शिवूनही तेच झालं, तेव्हा मावशींनी मुक्ताच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि मग जमिनीपासून दोन्ही खांद्यांपर्यंत टेप लावून पाहिली.

“अगं, फ्रॉक सरळ आहे,” शेवटी म्हणाल्या. “पोरीचा एक खांदा खाली आहे.”

माझं डोकंच फिरलं. “मावशी, कापड बिघडवलंत तर तसं सांगा ना. माझ्या मुलीत खोट कशाला काढता?”

“साधा फ्रॉक म्हणून दिसलं गं. चुण्या असत्या तर लपलं असतं.”

मी फ्रॉक पिशवीत कोंबला आणि मुक्ताला ओढत घरी आले. आल्या आल्या सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, की मावशींकडे कापड देऊ नका, बिघडवतात आणि वर मुलींना नावं ठेवतात. पाच-सहा जणींनी लगेच दुजोरा दिला, त्याचं मला बरं वाटलं.

चौथ्या दिवशी मावशी गुडघे धरत तीन जिने चढून दारात उभ्या. मला वाटलं, शिलाई मागायला आल्या.

“तो फ्रॉक टाकून दे,” त्या धापा टाकत म्हणाल्या. “मला काय हवं ते म्हण. पण डॉक्टरला दाखव एकदा. मी चुकलेली असावी म्हणून तीनदा उसवला गं मी तो.”

“बघते,” म्हणून मी दार लावलं. पण मग राहवेना. मुक्ताला आंघोळीला पाठवताना वाकायला लावलं, तर पाठीची एक बाजू वर आलेली. रोज मी तिची वेणी घालत होते, आणि मला दिसलं नव्हतं.

ठाण्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. पाठीचा कणा एका बाजूला वळू लागला होता. “वेळेत आणलंत. या वयात हे भराभर वाढतं. कुणाच्या लक्षात आलं?” त्यांनी विचारलं. मावशींचं नाव सांगताना मला रडू कोसळलं.

मुक्ताला पाठीला पट्टा लागला, जवळजवळ तीन वर्षं. त्यावरून घालायचे सैल फ्रॉक मावशींनीच शिवले. पट्ट्यावर त्यांचा विश्वास नव्हताच. कणा आणखी वळलेला नाही असं डॉक्टर म्हणाले, तरी “त्यांचं मशीन म्हणतंय, मला बघू दे,” म्हणून त्या स्वतः पाठीवर टेप लावायच्या. ग्रुपवर मी चूक कबूल केली होती. त्यांच्या तोंडावर मात्र माझी जीभ रेटत नव्हती.

पट्टा कायमचा सुटला तेव्हा मावशी विठ्ठलवाडीला मुलाकडे अंथरुणाला खिळल्या होत्या. मुक्ताला घेऊन पेढे द्यायला गेले आणि तिथे एकदाचं बोलून टाकलं, “मावशी, तेव्हा मी ग्रुपवर तुमच्याबद्दल...”

“माहितीये. शेजारणीने त्याच दिवशी वाचून दाखवलं,” मावशी म्हणाल्या. “मी निघालेच होते तुझ्याकडे, डॉक्टरचं सांगायला. ते ऐकलं आणि राग आला. चार दिवस घरात बसून राहिले गं. पोरीची पाठ वळत होती आणि मी रुसून बसले.” त्यांनी मुक्ताचा हात धरला. “तेवढं माफ कर मला.”

पंधरा दिवसांनी त्या गेल्या. माफी मागायला मी गेले होते, आणि मागितली त्यांनी.