ओढ्यात संत्री सोडणारी मावशी

माझी मावशी ओढ्यात संत्री सोडून करणी करते, अशी आमच्या गल्लीत अफवा होती. सलूनवाले दादा तर ही गोष्ट गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा टेकवूनच सांगायचे, म्हणजे समोरच्याला मान हलवून ‘नाही’ म्हणायची सोयच नाही. “डोळ्यांनी पाहिलंय! गुडघाभर पाण्यात उभी, गळ्यात काळा दोरा, हातात संत्रं. सोडलं आणि लागली पुटपुटायला!”

आता खरं सांगते. काळा दोरा होता तो स्टॉपवॉचचा, आणि पुटपुटत होती ती आकडे. मावशी पाणीखात्यात आहे. ओढ्यातून, कालव्यातून सेकंदाला किती पाणी वाहतं ते काढायचं, हे तिचं काम. रिकामी बाटली सोडली तर वारा तिला भलतीकडेच नेतो. संत्रं मात्र अंगभर बुडून पाण्याच्याच चालीनं जातं. काठावर दोन काठ्या रोवायच्या, एकीपासून दुसरीपर्यंत जायला संत्र्याला किती वेळ लागला ते बघायचं, की वेग कळला. मग पाण्याची रुंदी, खोली आणि हा वेग, तिन्हींचा गुणाकार. वरचं पाणी तळाच्या पाण्यापेक्षा जोरात पळतं, म्हणून उत्तरातून थोडं कापायचं. काम झालं की मावशी तेच संत्रं धुऊन, सोलून खाते. करणी असलीच तर ती संत्र्यावर.

मावशी गरीब गाय वगैरे अजिबात नाही. तिची नक्कल करायची तर आधी हनुवटी वर, मग चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि आवाज असा की शाळेची घंटासुद्धा दचकावी: “अंदाज घरी ठेवून यायचा. इथे फक्त माप!” मी चहा गाळायला लागले की ती गाळणीकडे बघत म्हणते, “ही काय धार आहे? कप भरेपर्यंत मी रिटायर होईन.”

तर त्या उन्हाळ्यात सगळ्या गल्लीचा जीव या मापात अडकला होता, आणि सगळ्यात जास्त खानावळवाल्या मामींचा. त्यांची खानावळ चढाच्या अगदी टोकाला. पाणी खालच्या नळावरून कॅन भरभरून वर न्यायचं. त्यात मामींचं मनगट गेलं आणि डॉक्टरांनी सांगितलं, आता वजन उचलाल तर हात विसरा. वर नळ आला नाही तर खानावळ बंद. ओढ्यावर टाकी बांधून, पंप लावून वर पाइप द्यायला खातं तयार होतं, पण एक अट होती. ऐन उन्हाळ्यातही ओढ्याला सेकंदाला किमान दहा लिटर पाणी हवं.

मावशीनं मोजलं. आलं नऊ.

“नऊ म्हणजे दहाच की हो ताई,” मामी म्हणाल्या. मामींचं प्रत्येक वाक्य जिना चढत जातं आणि शेवटच्या पायरीवर धापा टाकतं.

“तुम्ही नऊ जणांना जेवू घालून दहा जणांचे पैसे घेता का?”

“घेतले असते, पण ते नऊजण तुमच्यासारखे मोजून बसतात ना!”

मामी हसल्या खऱ्या, पण बांधलेला हात पदराखाली लपवून.

दुसऱ्या दिवशी सलूनवाल्या दादांनी मोहीम काढली. करणीबिरणी विसरून अख्खी गल्ली ओढ्यात उतरली. दगड काढले, शेवाळ खरवडलं, पात्र कसं गिऱ्हाइकाच्या मानेसारखं गुळगुळीत केलं. पाणी सुसाट पळायला लागलं. “आता मोजा!” दादा ओरडले. संत्रं सुटलं, ते मावशीनं घड्याळ दाबेपर्यंत निम्म्या वाटेवर. टाळ्या, शिट्ट्या! मावशीनं मोजपट्टी पाण्यात घातली, गुणाकार केला.

“नऊ.”

“अहो ताई, केवढं पळतंय ते बघा तरी!”

“पळतंय, पण खोली बघितलीत का? अर्ध्या पोटरीपर्यंत होतं ते घोट्याला आलं. दादा, तुम्ही पाणी पळवलंत. वाढवलं नाहीत.”

दादांचा चेहरा अर्धीच दाढी झालेल्या माणसासारखा झाला. मामी घराकडे वळल्या. ते बघून मला कोणाची नक्कल सुचेना, यावरून काय ते समजा.

मावशी मात्र तिथेच उभी. ती ओढ्याकडे बघतच नव्हती. पलीकडे जुन्या वीटभट्टीचा खड्डा आहे, त्यातल्या गवताकडे बघत होती. सगळीकडे वाळलेलं आणि तिथलं हिरवंगार.

“चल, वरच्या पुलापाशी मोजू.”

“कशाला?” मी शहाणपणा केला. “दगड ठेवा नाहीतर काढा, नऊ ते नऊच. आत्ताच तर शिकवलंस.”

“लावतेस पैज?”

“लावते! वरही नऊच.”

“हरलीस तर नळ आल्यावर पहिल्या दिवशी मामींची सगळी भांडी तू घासायचीस.”

“आणि तू हरलीस तर?”

“ते हरल्यावर बघू,” मावशी म्हणाली. हरायची तिला सवयच नाही.

वरच्या पुलापाशी संत्रं सोडलं. मी स्वतः मोजपट्टी धरली, म्हणजे पुढे तक्रारीला जागा नको. आकडा आला तेरा. मी म्हटलं, परत मोज. परत तेरा.

पूल आणि गल्ली यांच्यामध्ये चार लिटर गायब! मग आम्ही काठाकाठानं चालत खाली आलो. भट्टीच्या बाजूचा बांध खेकड्यांनी पोखरून पार चाळणी केला होता आणि पाणी गुपचूप त्या खड्ड्यात उतरत होतं. दादांची पलटण पुन्हा उतरली, या वेळी चिकणमाती घेऊन. मामी काठावर बसून एका हातानं हुकूम सोडत होत्या. बांध लिंपून झाल्यावर मावशीनं गल्लीपाशी पुन्हा मोजलं. बारा. मामींनी मावशीच्या हातातलं संत्रं काढून घेतलं आणि स्वतः सोलून तिला भरवलं, न धुता.

टाकी झाली, पाइप आला. मामींच्या मागच्या दारी नळ सुटला त्या दिवशी मी बाह्या सरसावून हजर होते. नेहमीची भांडी असती तर तासाभरात सुटले असते. पण मामींनी नळाच्या आनंदात अख्ख्या गल्लीला जेवायला बोलावलं होतं, आणि सलूनवाले दादा दुसऱ्या पंगतीलाही बसले होते.