सत्तरच्या वर

आमचे हे कळमेश्वरच्या कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाले आणि वर्षभरातच किडन्या गेल्या. एक दिवसाआड डायलिसिससाठी नागपूर. बसचे धक्के सोसेनात, म्हणून लहानशी इलेक्ट्रिक गाडी घेतली आणि या वयात मी ती चालवायला शिकले.

तिसऱ्या उन्हाळ्यात बॅटरी उतरू लागली. पूर्ण चार्ज करून निघालं तरी परतीचा भरवसा नसे. मे महिन्यात एसी बंद ठेवून यायचो. हे डोक्यावर ओला दुपट्टा घेऊन, डायलिसिसच्या सुयांची पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून बसत.

सर्व्हिस सेंटरवाल्याने मशीन लावून पाहिलं. "मॅडम, वॉरंटी आहे. पण क्षमता सत्तर टक्क्यांच्या खाली गेली पाहिजे. तुमची बहात्तर दाखवून राहिली."

"मग मी काय करू?"

"चालवत राहा. उतरली का या."

घरी सांगितलं तर हे म्हणाले, "बिघडायची वाट पाहा म्हन्ते? असं कुठं असते वं?"

पण मी वाट पाहिली. रोज मनात म्हणायची, उतर आता.

जूनच्या सुरुवातीला ती उतरली. नागपूरला जाताना, फेटरी गावाच्या अलीकडे चार्जचा आकडा ऐंशीवरून एकदम शून्यावर आला आणि गाडी उभी राहिली. आसपास सावली नव्हती. शेवटी एक भाजीवाला टेम्पो थांबला. त्याने आणि मी यांना उचलून आत बसवलं. गाडी मागाहून सेंटरवाल्यांनी ओढून नेली. पोचेपर्यंत यांची पाळी दुसऱ्याला गेली होती. उद्या या, दवाखान्यातले म्हणाले. सकाळी यांना श्वास घेता येईना. फुफ्फुसात पाणी भरलं होतं.

आयसीयूच्या बाहेर बसले असताना सेंटरचा फोन आला. "अभिनंदन मॅडम, सत्तरच्या खाली गेली. नवी बॅटरी मंजूर झाली."

नवी बॅटरी बसून गाडी आली, तेव्हा हे घरी आले होते. मी म्हटलं, "चला. आता एसी लावून जाऊ."

ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. "गाडी सुधरली, चांगलं झालं. मी नाही येत आता."

"काहून असं बोलता?"

"त्या रस्त्यानं मले नको नेऊ वं. लय झालं."

मी रडले, भांडले, नणंदेला बोलावून घेतलं. तिच्या शब्दाखातर ते आणखी काही वेळा आले, वाटभर डोळे मिटून. मग उठलेच नाहीत. पोळ्याच्या आधी गेले.

डॉक्टर म्हणाले, हृदयच थकलं होतं, एका दिवसाने काही फरक पडला नसता. मला ते अजून पटलेलं नाही.