पावण्यांदेखत

रिटायर झालेल्या माणसानं घरी बसून काय करायचं? मी तरी बसत नाही. मुलींच्या कबड्डीचा कोच म्हणून आयुष्य गेलं, शिट्टी खुंटीला टांगली, आणि आता माझं मैदान म्हणजे मंगल कार्यालय. ज्या पोरींना मी उन्हातान्हात पळवलं, त्यांची लग्नं, त्यांच्या पोरांची जावळं, त्यांच्या घरांच्या वास्तुशांती, सगळीकडं सरांना आवतण असतंच. आणि रस्ता म्हटला की खाणं आलं. वारणानगरला कामगारांच्या कॉलनीजवळ एक बाई थालीपिठावर लोण्याचा असा गोळा ठेवते की माणूस कशाला आलाय तेच विसरतो. कागलच्या अलीकडं एक मिसळ आहे, तिखट रश्श्याचा कट परत मागितला तरी कपाळाला आठी न घालता वाढतात. गडहिंग्लजला स्टँडमागं खानावळ आहे, तिथला पांढरा रस्सा मी वाटीनं पीत नाही, तांब्यानं पितो. आमच्या कोल्हापुरात, मंगळवार पेठेतही खानावळी काय कमी नाहीत, पण तिथवर बायकोची नजर पोचते.

बायको म्हणते, "तुम्ही लग्नाला जाता का रस्सा प्यायला, ते एकदा ठरवा."

तर त्या शनिवारी संध्याकाळी माझ्या जागी आलेल्या नव्या कोचचा फोन आला. पोरगा सज्जन आहे, पण आवाज रडवेला होता. "सर, ती नेसरीकडची पोरगी फोन उचलंना. सोमवारी सकाळी राज्याच्या शिबिराला हजर झाली न्हाय तर तिचं नाव काढणार. तिच्या जागी दुसरी तयारच बसलीय."

ही पोरगी माझ्या हातची शेवटची. शाळेत असताना माझ्याकडं आली तेव्हा काडी होती नुसती. पण चढाईला गेली की समोरच्या सातजणी आपोआप मागं सरकायच्या. इतकी वर्षं पोरी खेळवल्या, असे पाय मी बघितले नाहीत. कोल्हापुरात होस्टेलला राहून कॉलेज करायची आणि रोज सकाळी मैदानावर सगळ्यांच्या आधी हजर. सुट्टीला म्हणून गावी गेली ती गेलीच. मी तिचा फोन लावला, बंद. बापाला लावला; त्याची-माझी गाठ कधी पडली नव्हती, नंबर तेवढा होता. "कोण?" म्हणाला. "सर बोलतोय," म्हटल्याबरोबर कट.

योगायोगानं रविवारी दुपारी गडहिंग्लजला एका जुन्या खेळाडूचं लग्न होतं. म्हटलं, तिथनं तसाच पुढं नेसरीकडं जाऊन येतो. बायको म्हणाली, "पोरीच्या घरी एकटा बाप्या जाणार व्हय? काय म्हणतील लोकं? मी बी येणार."

सकाळी निघालो. मिसळीपाशी गाडी थांबवली ती सवयीनं. पाव तोडला आणि तसाच ताटलीत ठेवला. बायकोनं माझ्या कपाळाला हात लावून बघितलं.

"ताप तर न्हाय. मग काय झालं?"

"पोरगी हातची जाणार गं."

तिनं माझी मिसळ स्वतःकडं ओढली. "आधी जाऊन तर बघू," म्हणाली आणि खायला लागली.

गडहिंग्लजला मांडवात शिरलो तर दारातच मला धरून फेटा बांधला. सर आले, सर आले म्हणून आरडाओरडा झाला. एरवी मी अशा वेळी चढतो, दोन शब्द बोला म्हटलं की वीस बोलतो. त्या दिवशी नवरीच्या डोक्यावर अक्षता टाकल्या आणि पंगतीला न बसताच गाडी काढली. फेटा डोक्यावर तसाच. बायकोच्या अंगावर ठेवणीतली साडी, नाकात नथ. स्टँडमागच्या खानावळीवरनं गाडी गेली तेव्हा रश्श्याचा वास आला, पण मी ब्रेकवर पाय ठेवला नाही.

नेसरीच्या पुढं त्यांचं गाव. चौकात पारावर दोघं-तिघं बसलेले. त्यातला एक उठून खिडकीशी आला. "कुणाकडं जायाचं, पावणं?" मी पोरीच्या बापाचं नाव सांगितलं. तो एकदम हसला. "व्हय व्हय, जावा की सरळ! वाट बघालेत तुमची."

माझी वाट? मी बायकोला म्हटलं, "बघ, बाप काय वाईट माणूस नसणार. फोन चुकून कट झाला असंल."

घराचं अंगण सारवलेलं, दारात रांगोळी, बाहेरच्या सोप्यात नव्या चादरी टाकलेल्या. बाप पायऱ्या उतरून हात जोडत आला. "या पावणं, या! घर गावलं न्हवं?" त्याच्या मागं टोपी घातलेला एक म्हातारा, तो पोरीचा थोरला चुलता. पोरीच्या आईनं पाय धुवायला पाणी दिलं, बायकोला "या अक्का" म्हणत सोप्यात बसवलं, हळदीकुंकू लावलं. मी तिच्याशेजारी खुर्चीत बसलो. इतका मान बघून मला बरं वाटलं. मूर्ख माणूस मी.

चुलता रस्त्याकडं बघत म्हणाला, "पोरगं आलं न्हाय व्हय संगं?"

"कुठलं पोरगं?"

"कुठलं म्हंजे? नवरदेव!"

आणि मी भोवती बघितलं. अंगण, रांगोळी, चादरी, माझा फेटा, बायकोची नथ. पोरीला बघायला येणारे पावणे समजून बसवलं होतं आम्हाला! मी तोंड उघडलं. तेवढ्यात शेजारी बसलेल्या बायकोनं माझ्या पायावर पाय दिला, असा दिला की डोळ्यांत पाणी आलं.

"येतंय की मागनं," ती म्हणाली.

आता काय बोलू? चुलत्याला बोलायला जोर आला. पोरगी कशी गुणाची, शेतात कशी राबते, भाकरी कशी टम्म फुगते. "आणि मगाशी तुमचा मध्यस्थ फोनवर इचारत होता तसं, कबड्डी-बिबड्डी काय न्हाय. शाळंत खेळायची, ते खूळ आता सुटलंय." बाप मान हलवत होता, पण माझ्याकडं बघत नव्हता. माझं डोस्कं फिरलं. खूळ! तिच्या बक्षिसांच्या ढाली घरात कुठंतरी असणार, मी नजर फिरवली तर भिंतीवर रिकामे खिळे तेवढे दिसले. ढाली काढून ठेवल्या होत्या.

मग पोरगी आली. हिरवी साडी, डोक्यावर पदर, हातात पोह्यांच्या बशा. खाली बघत आली, माझ्यापुढं बशी धरली आणि वर बघितलं. बशा एकमेकींवर वाजल्या. मला वाटलं, आता पडतायत सगळ्या. पण पोरगी पक्की. बशा खाली ठेवल्या, वाकून माझ्या पाया पडली, आणि पायावर ठेवलेला हात उचलेचना. तो हात थंडगार होता. मला भडभडून आलं, पण रडलो असतो तर सगळंच कळलं असतं. पोह्यांचा मोठा घास तोंडात कोंबला.

"इचारा पावणं," चुलता म्हणाला, "काय इचारायचं ते मोकळ्या मनानं इचारा."

मी काय विचारणार? जे विचारतात तेच विचारलं. शिक्षण? बी. ए. दुसरं वर्ष. मामाचं गाव? आजऱ्याकडं. स्वयंपाक? येतो. ती एकेका शब्दात उत्तर देत होती आणि पुढं कुठला प्रश्न आहे याची वाट बघत होती. ते मला कळत होतं. खरे पावणे कधीही दारात येतील. ते आले की संपलं, आम्हाला हाकलून देतील आणि पोरगी परत तीच बशी घेऊन त्यांच्यापुढं वाकेल. मी घसा खाकरला.

"उद्या काय करणार हाईस, पोरी?"

चुलता हसला. "उद्या? उद्या काय करणार? घरातच की!"

माझ्या बायकोनं त्याच्याकडं मान वळवली. "तिला बोलू द्या की हो. आम्ही पोरगी बघाय आलोय का चुलता?"

चुलता मागं सरकून बसला. पोरगी खाली बघत पायाचा अंगठा फरशीवर घासत होती. मध्यरेषेवर उभी राहिली की असाच घासायची. मी मनात म्हटलं, जा बाई, जा एकदाची.

"उद्या मी शिबिराला जाणार हाय," ती म्हणाली. "कबड्डीच्या. माझी निवड झालीय. मला खेळायचंय."

बापाचा चेहरा मी कधी विसरणार नाही. रक्त उतरलं. पण त्यानं आवाज चढवला नाही. चढवणार कसा? पावण्यांदेखत घरच्या पोरीवर ओरडायचं नाही, ही आपल्याकडची रीत. पावणे गेल्यावर काय करायचं ते करा. त्यानं ओढून-ताणून हसू आणलं. "चेष्टा करतीया पोरगी."

"चेष्टा न्हाय, आप्पा."

तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. "हां, बोला... फाट्यावर? कोण फाट्यावर?" तो ऐकत होता आणि माझ्या फेट्याकडं बघत होता. फोन हळूच खाली घेतला.

"पावणं तर फाट्यावर हाईत. मग तुम्ही कोण?"

मी फेटा काढून मांडीवर ठेवला. "मी तिचा सर. कोल्हापूरचा."

चुलता ताडकन उठला. "फसवाय आलासा व्हय आमच्या घरात? उठा! आधी उठा!" बायको उठायला लागली, मी नाही उठलो. बापानं भावाला हातानं थांबवलं आणि माझ्यापुढं येऊन उभा राहिला. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळू बोलला.

"सर, तुम्ही तिला खेळवलंसा, कप मिळवलासा, फोटो काढलासा. उद्या तिचा गुडघा मोडला तर? लंगड्या पोरीला कोण करून घेणार? तुम्ही येणार व्हय तिला सांभाळाय?"

"मोडू शकतो," मी म्हणालो. "मोडणार न्हाय असं कोण कोच सांगत असंल तर तो खोटारडा." लग्नाच्या मांडवात माईक सोडत नाही मी. तिथं मात्र पार दातखीळ बसली. भ्यालो होतो, सरळ सांगतो. त्याचा प्रश्न खरा होता, बापाचा होता.

बाप पोरीकडं वळला. "पावण्यांदेखत बोलतीस. घरात तोंड नव्हतं व्हय तुला?"

उत्तर पोरीनं दिलं नाही. तिची आई स्वयंपाकघराच्या चौकटीत येऊन उभी राहिली होती. पदराला हात पुसत ती म्हणाली, "घरात बोलली की. दोनदा बोलली. तुम्ही ताट सरकवून उठलासा."

"तू आत जा."

"जाते. पर ऐका. सरास्नी मी दारातच वळखलं हुतं. हिच्या मोबाइलात कितींदा बघितलाय की त्यांचा फोटो."

बाप तिच्याकडं बघतच राहिला. मी पण. माझी बायकोसुद्धा. "वळखलं हुतंस? मग सांगितलं का न्हाईस?" बापानं विचारलं.

"सांगितलं असतं तर तुम्ही त्यास्नी दारातनंच माघारी लावलं असतंसा. पावणं म्हणून बसलं, म्हणून तर आज पोरीचं शेवटपातूर ऐकून घेतलंसा."

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. कुणीतरी "हेच न्हवं घर?" असं विचारत होतं. चुलता टोपी सारखी करत म्हणाला, "आलं, आलं पावणं. पोरी, पदर घे डोक्यावर. नव्या बशा भरा."

बाप पोरीकडं बघत उभा होता. तिनं मान खाली घातली नव्हती. रडत होती, पण बघत होती त्याच्याकडं.

"जा," तो म्हणाला. "साडी बदल."

"अरं, पावणं दारात हाईत!" चुलता ओरडला. "त्यास्नी काय सांगणार?"

"मी बोलतो त्यांच्याशी," बाप म्हणाला, आणि चपला न घालताच पायऱ्या उतरून जीपकडं गेला.

पोरगी तिथंच खिळून उभी. आपण काय ऐकलं ते तिचं तिलाच खरं वाटत नव्हतं. शेवटी आईनं तिच्या पाठीत धपाटा घातला.

"ऐकलं न्हाय व्हय? जा की! बॅग भर."