पाचांच्या राज्यातले साडूभाऊ

आमच्या साडूभाऊंइतका हट्टी माणूस अख्ख्या विदर्भात झाला नाही, आणि झालाच असेल तर त्याने यांच्यापुढे हात टेकले असतील. राहतात जुन्या शहरातल्या महाल भागात, कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झाले, पण खरा मुक्काम पाचांच्या राज्यात. तिथला कायदा एकच: जी संख्या पाचाने जास्त वेळा भागली जाते, ती शून्याच्या जास्त जवळ. म्हणजे तीन लांब, पंचवीस जवळ आणि एकशेपंचवीस तर शून्याच्या मांडीवरच. एकदा कोणा पाहुण्याने गल्लीतले एकशेपंचवीस नंबरचे घर विचारले. हे म्हणाले, "हे काय जी, सुरुवातीलेच." तो बिचारा दार शोधत शोधत पार लकडगंज वस्तीत निघाला म्हणतात.

त्या राज्यात ऋण एकलाही वर्गमूळ असते, आणि ते पटवल्याशिवाय साडूभाऊ कोणाला चहा प्यायला देत नाहीत. खिशात कायम खडू. माझ्या स्कूटरच्या डिक्कीवर त्यांनी ते इतक्यांदा काढले, की तिचा मूळ रंग मला आता आठवत नाही.

अशात त्यांच्या मुलीचे जमले. मुलगा-मुलगी राजी; होकार राहिला होता तो मुलाच्या वडिलांचा. ते मौद्याचे, वीजखात्यातले निवृत्त इंजिनीअर. ते घरी आले त्या दिवशी माझ्या मेहुणीने नवऱ्याकडून गणित न बोलण्याची शपथ घेतली आणि खडूही काढून घेतला. शपथ कोथिंबीर भरलेल्या सांबारवडीच्या दुसऱ्या ताटलीपर्यंत टिकली. बोलण्याच्या ओघात इंजिनीअर म्हणाले, की ऋण एकचे वर्गमूळ काल्पनिक, पण विजेच्या हिशेबात आम्ही जन्मभर वापरले. साडूभाऊ ताठ झाले.

"काल्पनिक काहून? आमच्याकडे अस्सल आहे."

आतल्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. इंजिनीअरनी माझ्याकडे झुकून हळूच विचारले, की घराण्यात असं आणखी कोणाला आहे का.

खडू दुसऱ्या खिशातही होता. साडूभाऊ फरशीवर बसले. दोनचा वर्ग अधिक एक, पाच. सातचा वर्ग अधिक एक, पन्नास. पाचाने दोनदा भाग जातो. सत्तावन्नचा वर्ग अधिक एक, बत्तीसशे पन्नास, तीनदा जातो. दर पायरीला शून्य जवळ येते, आणि ज्याच्या वर्गात एक मिळवला की शून्य होते, तेच ऋण एकचे मूळ. इंजिनीअरनी चष्मा पुसला, खाली बसले, खडू हिसकावला आणि पुढची पायरी, एकशेब्याऐंशी, स्वतः काढली. चारदा भाग गेला तेव्हा त्यांचा चेहरा असा उजळला, की मौद्याची सगळी वीज त्यांच्याच घरून येते असे वाटावे.

मग डोळे बारीक करून त्यांनी विचारले, "अन् सातांच्या राज्यात?"

मेहुणी दाराआडून 'हो म्हणा, हो म्हणा' अशा खुणा करून दमली.

"सातात नाही जी," साडूभाऊ म्हणाले. "कशाचाही वर्ग करा, एक मिळवा, सातानं भागच जात नाही. तिथं माझं काही चालत नाही."

इंजिनीअरनी गुडघ्यांवरची खडूची भुकटी झटकली. "फेकणारा असता तर त्यानं सातातही काढून दिलं असतं. पोरगी आमची."

त्या लग्नाच्या वरातीत साडूभाऊ असे नाचले, की बँडवाल्यांनाच धाप लागली.

परवा गेलो तर ओट्यावर एकटेच बसलेले. मी म्हटले, मौदा काय, इथेच तर आहे.

"पस्तीस किलोमीटर," ते म्हणाले. "पाचानं एकदाच भाग जाते. एकशेपंचवीस असतं, तर किती जवळ राहिली असती पोरगी." मग डिक्कीवरच्या जुन्या आकड्यांवरून बोट फिरवत हळूच म्हणाले, "पण तुह्या स्कूटरले हे कोण समजावून सांगन गा?"