डब्याचा मुक्काम

त्यांचा डबा परत द्यायला कुणी दारात आलं, की समोरच्या क्वार्टरातले भाऊ आधी तो दोन्ही हातांनी घेत, मग उजव्या तळहातावर तोलून पाहत आणि म्हणत, "एवढी काय घाई? डब्याला एक मुक्काम तरी करू द्यायचा."

येलदरीच्या धरणावरची आमची वसाहत म्हणजे सरकारी क्वार्टरांच्या चार रांगा. मी तिथल्या ऑफिसात कारकून होतो आणि ते धरणाच्या पाण्याची पातळी मोजायचे. सत्तरनंतरची चार-पाच वर्षं आमची दारं समोरासमोर होती. त्यांची बायको ताडकळसला शेती सांभाळायची, हे इकडे एकटे. एकट्या माणसाला डबा पाठवायचा हे वसाहतीतल्या बायकांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. आज एकीचं पिठलं, उद्या दुसरीची आमटी, असा त्यांचा आठवडा जाई. द्यायला कुणाची ना नव्हती, हे ध्यानात ठेवा.

डब्याच्या बाबतीत त्यांच्याइतका काटेकोर माणूस मी पाहिला नाही. आलेला डबा रात्रभर घरात राहिला पाहिजे. सकाळी तो राखेनं घासून, उन्हात पालथा घालून, वास गेल्याची खात्री करूनच परत जायचा. "लगेच परत आलेला डबा म्हंजे आतलं कुनी खाल्लंच न्हाई," असं ते सांगत. "खाल्लं, आवडलं, मग आठवन ऱ्हायली, मग धुतला. एवढं व्हायला येक रात लागतीच की, अप्पा." मला ते अप्पा म्हणत. वयानं माझ्याहून दहा वर्षांनी मोठे होते, तरीही.

एका रविवारी ते सात झाकणं घेऊन घरोघर फिरले. वसाहतीत डब्यांची झाकणं इकडची तिकडं झाली होती आणि त्यावरून दोन बायकांचं बोलणं बंद पडलं होतं. ह्यांनी प्रत्येक दारात उभं राहून झाकण बसवून पाहिलं. संध्याकाळपर्यंत सहा झाकणांना घर मिळालं. सातवं त्यांचं स्वतःचंच निघालं. त्यावर महिनाभर तरी आम्ही त्यांची थट्टा करत होतो आणि तेही हसत होते.

अर्थात रिकामा डबा ते कधीच परत करत नसत. तुम्ही म्हणाल, त्यात काय विशेष, आपणही चिमूटभर साखर टाकतोच. पण साखर टाकणं म्हणजे सुटका करून घेणं असतं. हे शोधून टाकायचे. टेकडीवरची सीताफळं, गावाकडच्या भुईमुगाच्या शेंगा, तुरीच्या ओल्या शेंगा, चिंचेचा गोळा. एकदा काहीच नव्हतं तर मोगऱ्याची पाच फुलं निघाली. माझ्या बायकोनं त्यातलं एक देवाला वाहिलं आणि चार स्वतःच्या केसांत माळली, तेव्हा हा डबा नक्की कुणासाठी आला असं मी विचारल्याचं आठवतं.

आता पाहा, इतक्या वर्षांत त्या डब्यातून शिजवलेलं काही कधी आलं नाही. माणसाला स्वयंपाक येत नव्हता असं नव्हे. रविवारी त्यांच्या फोडणीचा वास आमच्या ओसरीपर्यंत यायचा आणि मी पेपर वाचता वाचता भुकेजून जायचो. तरी आमच्या परत येणाऱ्या डब्यात काय आणि त्यांच्या स्वतःच्या डब्यात काय, जे यायचं ते झाडावरचं नाहीतर शेतातलं, चुलीवर न चढलेलं. ते बौद्ध, आम्ही लिंगायत. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. आपणहूनच त्यांनी ती रेघ ओढून घेतली होती आणि आम्हाला ती सोयीची होती, म्हणून आम्ही तिच्याबद्दल कधी बोललो नाही.

मग एका बुद्धपौर्णिमेला त्यांची बायको आठ दिवसांसाठी वसाहतीत आली. नेमकी तेव्हा माझी आईसुद्धा गावाहून आलेली होती. सकाळी दहाच्या सुमाराला ते धुवट पांढरा सदरा घालून आमच्या दारात उभे राहिले. हातात त्यांचा जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, डबा होता, गरम होता म्हणून पंच्यात धरलेला.

"वहिनी, हिनं खीर केलीया. शेवयाची," ते म्हणाले. मग जरा थांबून, "वाटलं तर घ्या."

बायकोनं दोन्ही हातांनी डबा घेतला. "वाटलं तर काय, भावजी? द्या इकडं," ती म्हणाली. ते इतके हसले, की पायरी उतरताना चप्पल घालायचीच विसरले आणि परत फिरले.

ते गेल्यावर आईनं आतून विचारलं, "कुनाच्या घरचं हाय?"

मी सांगितलं. खोटं सांगता आलं असतं, पण ते सुचायला जेवढं धैर्य लागतं तेवढंही माझ्यात नव्हतं. आई चिडली नाही, आवाजही चढवला नाही. "मी हाय तवर तरी घरात नको," एवढंच म्हणाली. जन्मावरून कुणी उंच नाही आणि कुणी नीच नाही, असं सांगणारी वचनं माझी आई रोज पहाटे म्हणायची. मीही ती ऐकतच मोठा झालो होतो.

बायको हळूच म्हणाली, "राहू द्या की हो फळीवर. आई दुपारी पडल्या की आपण दोघं खाऊ. डबा उद्या देऊ."

किती सोपं होतं. पण मला त्या वेळी एकच घाई झाली होती, की तो डबा घरातून बाहेर गेला पाहिजे, म्हणजे आईचा चेहरा पूर्ववत होईल. मी मागच्या दारानं गेलो आणि शेजाऱ्यांच्या म्हशीपुढच्या घमेल्यात खीर ओतली. वेलदोड्याचा वास आला. दाट होती, डबा ठोकावा लागला. मग तो विसळला, मूठभर साखर टाकली आणि मी स्वतःच समोर नेऊन दिला. सगळं मिळून अर्धा तासही झाला नसेल.

त्यांनी दोन्ही हातांनी डबा घेतला. सवयीप्रमाणे उजव्या तळहातावर ठेवला आणि तसेच उभे राहिले. आत त्यांची बायको भांडी लावत होती.

"लवकर आला डबा," ते म्हणाले. आवाज इतका हळू होता, की आत ऐकू गेला नसावा.

"हो," मी म्हणालो. त्या एका शब्दाची लाज मला अजून वाटते.

तुम्हाला वाटेल, त्यानंतर येणंजाणं थांबलं असेल. तसं झालं असतं तर मला सोपं गेलं असतं. आमचे डबे ते पूर्वीसारखेच घेत राहिले, रात्रभर ठेवत राहिले, सकाळी काहीबाही घालून परत देत राहिले. फक्त मुक्कामाचं ते वाक्य त्यांनी आमच्या घरच्यांपुढं पुन्हा कधी उच्चारलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात आमच्या डब्यातून कोरड्या शेवया आल्या, सुताइतक्या बारीक. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातही आल्या. बायकोनं त्यांची खीर केली. आई तेव्हा आमच्याकडेच होती. तिनं वाटीभर खाल्ली आणि शेवया कुणी केल्या, हात चांगला आहे, असंही म्हणाली. त्यांच्या घरचं कोरडं चालत होतं.

बायको त्या प्रकाराबद्दल मला कधी टोचून बोलली नाही. एकदाच म्हणाली, "साखर तरी टाकायला नको होती तुम्ही."

माफी मागायची असं मी पुष्कळदा ठरवलं. एकदा तर सकाळी पाणी मोजायला ते निघाले तेव्हा उगाच त्यांच्याबरोबर धरणापर्यंत चालत गेलो. सुरुवात केली, "भाऊ, त्या दिवशी..." ते खाली वाकून पट्टीवरचा आकडा वाचत होते. "चार बोटं उतरलं पानी, अप्पा," ते म्हणाले आणि वहीत लिहू लागले. मी ते निमित्त धरलं आणि परत फिरलो. पुढं माझी बदली परभणीला झाली. सामान ट्रकमध्ये चढवताना सगळ्यात जास्त ओझी त्यांनीच उचलली.

दोनेक वर्षांनी ते गेल्याचं कुणीतरी ऑफिसात बोलता बोलता सांगितलं. वारल्यालाही चार महिने होऊन गेले होते. पुढच्या रविवारी मी एसटीनं ताडकळसला गेलो. त्यांना सांगायचं राहिलं ते निदान त्यांच्या बायकोला सांगावं, पाय धरावे, असं मनाशी पक्कं केलं होतं. वाटेत वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती.

मी नाव सांगताच त्या बाईंनी बाज टाकली, पाणी दिलं. "अप्पा म्हंजे तुमीच व्हय? लय नाव काढायचे तुमचं."

मी म्हणालो, "वहिनी, मला तुम्हाला एक सांगायचंय. ती खीर..."

त्यांचा चेहरा एकदम उजळला. "ध्यानात हाय की माझ्या. मी भेत भेतच केल्ती. म्हनलं, नगा नेऊ, खातेत का न्हाई कोन जाने. अन् ह्ये डबा घिऊन आत आले ते हसतच आले. म्हनले, बघ, अर्ध्या घंट्यात फस्त केली. त्यायला धीरच निघंना. त्यांच्या आईनी दोन वाट्या मागून घेतल्या." त्यांनी पदरानं डोळे टिपले. "त्या दिसापासून मी हर साली तुमच्यासाठी शेवया जास्तीच्या कराया लागले. येक डाव पुन्हा खीरच करून देते म्हनलं, तर म्हनले, नगं, वहिनीला करू दे."

मी जुळवून आणलेल्या वाक्यांपैकी एकही वाक्य आता उपयोगाचं नव्हतं. माझ्या मनावरचं ओझं उतरवायचं, तर भाऊंनी एवढी वर्षं सांभाळलेला ह्या बाईंचा आनंद मला माझ्या हातानं मोडावा लागला असता.

"बसा," त्या म्हणाल्या. "वाईच येळ लागतो शेवयाला."

त्यांनी चूल पेटवली. थोड्या वेळानं वेलदोड्याचा वास आला. पितळेची वाटी काठोकाठ भरून त्यांनी माझ्यापुढं ठेवली आणि भिंतीला टेकून, मी पहिला घास घेईपर्यंत, बघत बसल्या.

"तवासारखीच झालीया का?" त्यांनी विचारलं.

"तशीच," मी म्हणालो. "अगदी तशीच झालीय, वहिनी."