कडक दातांचं यंत्र

पोलादी कमानीचं आडवं धनुष्य नुसत्या मनगटाने ताणलं जात नाही. त्याची दोरी मागे खेचायला दातेरी पट्टी नि फिरवायची मूठ असलेलं यंत्र लागतं. एशनब्रुन गावात ते एकटा लीनहार्ट करी. माणूस हट्टी आणि तोंडाचा फटकळ, पण कामात वाकबगार.

कारागीर-संघाची रीत अशी, की संघातल्या थोरांनी यंत्राच्या दातांवर कानस ओढायची. दात खरवडला गेला, की यंत्र नापास; टिकला, तर त्यावर संघाचा शिक्का. म्हणून लीनहार्ट तापलेले दात पाण्यात विझवी आणि तसेच कडक ठेवी. पुन्हा निखाऱ्यावर धरून जरा नरम करायचं तो मुद्दाम टाळी. कडक पोलाद थंडीत तडकतं, हे त्याला काय ठाऊक नव्हतं? पण संघाच्या शिक्क्याचा मोह वाईट.

गावाला शत्रूचा वेढा पडला, त्याच्या सातव्या आठवड्यात हाडं गोठवणारी थंडी पडली. सकाळीच तटावरून एक यंत्र परत आलं, तीन दात उडालेले. पाठोपाठ दुसरं. लीनहार्टचा एकुलता एक मुलगा जोबस्ट असलंच यंत्र घेऊन वेशीच्या बुरुजावर होता.

बाकाखाली पडलेलं एक नापास, नरम दातांचं यंत्र उचलून म्हातारा धापा टाकत बुरूज चढला. तटाला शत्रूच्या शिड्या लागत होत्या.

"जोबस्ट, टाक ते! हे घे!"

"बाबा, याच्यावर शिक्का कुठाय?"

"शिक्का घाल चुलीत! तुझ्या हातातलं तुटणार आहे. मीच केलंय, मला माहितीय!"

शेजारचा तिरंदाज खो खो हसला. "म्हातारबा, भीतीनं डोकं फिरलं की काय? स्वतःच्याच मालाला नावं ठेवताय!"

जोबस्टही हसला. "उगाच घाबरता तुम्ही, बाबा. तुमचं काम कधी तुटलंय?"

त्याने मूठ फिरवली. दोरी अर्ध्यावर आली, कट्कन दात उडाले आणि ती निसटली. तेवढ्यात शिडीवरून वर आलेल्या एकाने त्याच्या छातीत भाला घातला. तिरंदाजाने त्या माणसाला लाथ मारून खाली लोटलं, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

लीनहार्टने पोराचे डोळे मिटले. जीव जावा असं त्याला वाटलं, पण तटावर त्याची आणखी नऊ यंत्रं होती. रक्ताळलेला हात पुढे करून तो तिरंदाजासमोर उभा राहिला.

"दे इकडं. माझा माल खोटा आहे. हे नरम दातांचं घे."

आता कुणी हसलं नाही. तिरंदाजाने आपलं यंत्र त्याच्या हातात देऊन नरम दातांचं घेतलं, आणि म्हातारा पुढच्या माणसाकडे 'माझा माल खोटा आहे, त्यावर विसंबू नका' असं सांगत निघाला.